देवाची जमीन आणि दानाचा कायदा
(मुळशी येथील ग्रामस्थांपुढील व्याख्यानाची संहिता)



मुळशीच्या खोऱ्यात ग्रामदैवताचे मंदिर नाही असे गाव विरळाच. दिवाबत्ती, पूजाअर्चा आणि उत्सव यांसाठी कोणा पूर्वजाने लावून दिलेली जमीन हीच अशा कित्येक मंदिरांची पुंजी. येथे केवळ भातशेती होती, तोवर त्या जमिनीकडे कोणाचे लक्ष नव्हते. हिंजवडीला माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, तालुक्यात बंगल्यांचे प्रकल्प आले आणि देवाच्या एकरावरही दलालांची दृष्टी गेली. म्हणूनच या जमिनीचा मालक कोण आणि राखणदार कोण, हे आज समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या धर्मादाय कायद्याची बरीचशी परिभाषा इंग्लंडमधून आली. तेथे राणी एलिझाबेथच्या काळात, १६०१ साली, एक कायदा झाला. वृद्ध व दुर्बळांना साह्य, जखमी सैनिकांचे पोषण, विद्यालये, पूल, रस्ते, चर्चची दुरुस्ती अशी सत्कार्यांची यादीच त्याच्या प्रस्तावनेत होती. १८९१ साली पेम्सेल खटल्यात लॉर्ड मॅकनॉटन यांनी त्या पसाऱ्याचे चार भाग केले : दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्मप्रसार आणि अन्य लोकोपयोगी कार्य. १८५३ पासून देखरेखीसाठी तेथे चॅरिटी कमिशन आहे. पुढे २००६ च्या कायद्याने लोकहित सिद्ध करण्याची अट सर्वच हेतूंना लागू केली.

मात्र इंग्रजी न्यायाचा एक दंडक होता. दानाचा हेतू इतका निश्चित हवा, की न्यायालयाला तो अमलात आणता यावा. हाच दंडक मुंबईतील एका मृत्युपत्राला लागला. दात्याने आपली संपत्ती ‘धरम’साठी ठेवली होती. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली शब्दकोशाचा आधार घेतला. धर्म म्हणजे नियम, सद्गुण, कायदेशीर वा नैतिक कर्तव्य असे अनेक अर्थ तेथे निघाले, आणि शब्द संदिग्ध म्हणून ते दानच रद्द ठरले. येथल्या निरक्षर शेतकऱ्यालाही ज्याचा अर्थ विचारावा लागत नाही, तो शब्द त्या न्यायासनाला अस्पष्ट वाटला!

ही विसंगती दूर केली ती स्वतंत्र भारतात, मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ने. महाराष्ट्राच्या नावाने तोच कायदा आज लागू आहे. धर्म, धर्मादा, पुण्यकार्य, पुण्यदान यांसाठीचा न्यास केवळ हेतू अनिश्चित म्हणून रद्द होणार नाही, असे त्याचे दहावे कलम स्पष्ट सांगते. आपल्या शब्दाला आपल्या कायद्यात पुन्हा स्थान मिळाले.

पण ज्या कायद्याने मान दिला, त्यानेच शिस्तही लावली. नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख आली. शासनाच्या हस्तक्षेपाला सीमा हवी, हा आक्षेप रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९५४ च्या निर्णयात न्यायालयाने नोंदणी व हिशेबाची तत्त्वे मान्य केली. परंतु धर्मादाय आयुक्तांना धार्मिक संस्थेचे विश्वस्त नेमण्याची तरतूद अवैध ठरवली. व्यवस्थेवर शासनाची नजर असावी, उपासनेवर नव्हे, ही रेषा तेथे आखली गेली.

आता आपल्या गावाकडे वळू. विश्वस्त दिवंगत झाला वा नवा नेमला, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो न केल्यास दप्तरी मृतांचीच नावे राहतात आणि वादाच्या वेळी देवाच्या वतीने उभा राहणाराच सापडत नाही. छत्तिसाव्या कलमानुसार न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक, तर बिनशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. देवस्थान इनाम जमिनींवर महसूल कायद्याची बंधने आणखी वेगळी. मध्य प्रदेशातील प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मंदिराच्या जमिनीची मालक देवता आहे. पुजारी केवळ व्यवस्थापक.

तेव्हा प्रत्येक गावात चार जाणत्यांनी एकत्र बसून तीन कागद पाहावेत : न्यासाच्या नोंदणीचा उतारा, जमिनीचा सातबारा आणि गेल्या वर्षाचा हिशेब. तिन्हींचा मेळ बसत नसेल, तर त्याच आठवड्यात पुण्याचे धर्मादाय कार्यालय गाठावे. पूर्वजांनी विश्वासाने दिलेली जमीन निष्काळजीपणाने गमावली, तर त्याचा दोष ना इंग्रजी कायद्याला देता येईल, ना शासनाला. विश्वस्त या शब्दातच विश्वास आहे. तो राखणे हाच येथे धर्म होय.