न मिसळणाऱ्या दोन प्लॅस्टिकांमधली शिवण

(पालक व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या विषयाचे जे लांबलचक नाव छापले आहे ते वाचून काही पालकांना चिंता वाटली असल्यास मी त्यांना दोष देणार नाही. परस्परांशी न जुळणारी बहुवारिके, त्यांचे आंतरपृष्ठ, आणि त्याचे संगणकीय सिम्युलेशन! हे नाव आपण तूर्त बाजूला ठेवू आणि भंगारवाल्याच्या दुकानापासून सुरुवात करू.

धारावीत किंवा आपल्या तालुक्याच्या गावी जुन्या प्लॅस्टिकचा व्यवसाय करणारा माणूस सर्वप्रथम काय करतो? तो माल निवडतो. पाण्याची बाटली एकीकडे, तिचे झाकण दुसरीकडे. बादली वेगळी, पिशवी वेगळी. कोणी वाजवून पाहतो, कोणी तुकडा जाळून वास घेतो. काही माल पाण्यात टाकून वेगळा करता येतो, कारण बाटलीचे प्लॅस्टिक पाण्यात बुडते आणि झाकणाचे तरंगते. पण पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन ही दोन्ही तरंगणारीच. त्यांना पाणी वेगळे करीत नाही, माणसाच्या हाताला आणि डोळ्यालाच ते करावे लागते. हा उपद्व्याप कशासाठी? सगळे एकत्र वितळवून नवी बादली का ओतू नये? ओतता येते, परंतु ती बादली ठिसूळ होते. दोन प्लॅस्टिके वितळलेल्या अवस्थेत कितीही घुसळली तरी एकजीव होत नाहीत. एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात अडकून राहतात आणि ताण पडला की तडा नेमका त्या थेंबांच्या कडेने जातो.

गंमत अशी की ही दोन्ही प्लॅस्टिके फक्त कार्बन आणि हायड्रोजन यांचीच बनलेली आहेत. फरक एवढाच की पॉलिप्रॉपिलिनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एक छोटी फांदी असते. इतकी जवळची भावंडे एका घरात नांदत नाहीत, याचे कारण काय?

बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणजे रेणूंची लांब साखळी. हे हर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली मांडले तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पातेल्यात शिजलेल्या शेवया डोळ्यांसमोर आणा, म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकचे बऱ्यापैकी खरे चित्र तयार होईल.

आता दोन रंगांचे सुटे मणी एका डब्यात घालून हलवले तर ते सहज मिसळतात. कारण साधे आहे. मिसळलेल्या मांडण्या असंख्य असतात आणि वेगवेगळ्या राहिलेल्या मांडण्या मोजक्या. निसर्गाला मिसळण्याची हौस नसते. तो केवळ संख्येच्या मागे जातो. पण तेच मणी हजार-हजारांच्या माळांत ओवले तर? एक माळ हलली म्हणजे हजार मण्यांना एकत्र हलावे लागते. स्वतंत्रपणे फिरू शकणारे घटक हजारपट कमी झाले, म्हणून मिसळण्यातला फायदाही तितकाच घटला. परंतु दोन रंगांच्या मण्यांमधली नावड मात्र प्रत्येक मण्यागणिक मोजली जाते, ती घटत नाही. हा हिशेब पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडला. सुटे मणी जेवढी नावड सहन करून मिसळतात, तिच्या एक हजारांश नावडसुद्धा हजार दुव्यांच्या साखळ्यांना वेगळे करण्यास पुरेशी होते. म्हणून न मिसळणे हा प्लॅस्टिकांचा नियम आहे आणि मिसळणे हा अपवाद.

यापुढे खरा प्रश्न सुरू होतो. वेगळी तर वेगळी, पण जिथे दोन्ही एकमेकांना टेकतात तिथे काय घडते? ती सीमा चाकूने कापल्यासारखी असते, की दोन्हीकडचे धागे एकमेकांत थोडेबहुत शिरलेले असतात? मी तिला शिवण म्हणणार आहे. पुस्तकी नाव आंतरपृष्ठ. सगळी मजबुती या शिवणीवर अवलंबून असते. धागे पलीकडे पुरेसे खोल जाऊन गुंतले तर सांधा टिकतो, नाही तर तो उसवतो.

१९७१-७२ साली यूजीन हेल्फंड आणि तागामी यांनी या शिवणीच्या रुंदीचे सूत्र काढले. त्यामागची कल्पना आपल्या रोजच्या भाषेत सांगता येते. समजा, एका साखळीचा तुकडा सीमा ओलांडून परक्या मुलखात शिरला. तिथे प्रत्येक दुव्याला टोल द्यावा लागतो. टोल थोडा असेल तर तुकडा पुष्कळ भटकून परत येतो. जास्त असेल तर लगेच माघार घेतो. भटकणाऱ्याची चाल वेडीवाकडी असल्यामुळे शंभर पावले टाकून तो सरासरी दहाच पावलांइतका दूर जातो. या दोन गोष्टी एकत्र केल्या की निष्कर्ष मिळतो : शिवणीची रुंदी टोलच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. टोल चौपट झाला तर शिवण निम्मी होते. आणि साखळी फार लांब असेल तर तिच्या एकूण लांबीचा या रुंदीशी संबंध उरत नाही. मला स्वतःला हा युक्तिवाद फार आवडतो, कारण त्यात एकही अवघड समीकरण न मांडता खरे उत्तर हाती येते.

तथापि सूत्र कागदावर सुंदर दिसले म्हणून निसर्ग ते मानतोच असे नाही. पॉलिस्टायरिन आणि अॅक्रिलिक या जोडीसाठी सूत्रानुसार रुंदी सुमारे ३ नॅनोमीटर यावयास हवी. आपल्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते, यावरून हे माप किती लहान आहे ते ध्यानात येईल. १९९० साली न्यूट्रॉनचे झोत अशा शिवणीवरून परावर्तित करून मोजमाप झाले, आणि उत्तर आले सुमारे ५ नॅनोमीटर. तीन आणि पाच! आता चुकले कोण? सूत्र की प्रयोग?

अशा वेळी संगणकावरची नक्कल उपयोगी पडते. सिम्युलेशन या शब्दाचा नक्कल हा मला सर्वांत प्रामाणिक अर्थ वाटतो. आता संगणकात खरे प्लॅस्टिक नसते आणि खरे अणूही नसतात. सगळे अणू घेऊन त्यांच्या हालचाली मोजायच्या म्हटल्या तर एका सेकंदाच्या घडामोडीसाठी एकावर पंधरा शून्ये इतकी पावले मोजावी लागतील, आणि शेवयांचा गुंता सुटायला वेळ तर फार लागतो. म्हणून शास्त्रज्ञ जाणूनबुजून पुष्कळ तपशील टाकून देतात. १९८८ साली कार्मेसिन आणि क्रेमर यांनी काढलेल्या पद्धतीत खऱ्या साखळीतले तीन ते पाच बंध मिळून एक ठोकळा मानतात. हा ठोकळा चौकड्यांच्या जाळीवरचे आठ बिंदू अडवून बसतो, आणि शेजारच्या ठोकळ्याशी त्याला जोडणाऱ्या दुव्याला ठरावीक १०८ रूपे घेता येतात. मग संगणक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे कोणताही एक ठोकळा निवडतो आणि त्याला एक घर सरकवून पाहतो. जागा रिकामी आहे काय? दुवा तुटत तर नाही ना? शेजारी आपला आहे की परका? ऊर्जा कमी होत असेल तर चाल मंजूर. वाढत असेल तर फासा टाकायचा; वाढ जितकी मोठी तितकी मंजुरीची शक्यता कमी. असे कोट्यवधी वेळा करावयाचे आणि मोजदाद ठेवावयाची. एवढेच.

फाशाचा हा नियम १९५३ सालच्या एका निबंधातून आला. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील मॅनिअॅक नावाच्या संगणकावर ते काम झाले होते. निबंधावर पाच नावे आहेत : निकोलस मेट्रोपोलिस, आणि रोझेनब्लुथ व टेलर ही दोन दांपत्ये. नियम मेट्रोपोलिस यांच्या नावाने प्रसिद्ध झाला, पण यंत्रावर प्रत्यक्ष चाललेला प्रोग्रॅम लिहिला आरियाना रोझेनब्लुथ यांनी. हार्वर्ड विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी १९४९ साली, वयाच्या बाविशीच्या आसपास मिळवली होती. १९५५ साली त्यांनी व त्यांचे पती मार्शल यांनी नेमक्या साखळी रेणूंच्याच लांबीचा हिशेब याच प्रकारे फाशांच्या साहाय्याने केला. त्यानंतर लवकरच मुलांच्या संगोपनासाठी त्यांनी संशोधन सोडले. २०२० साली त्या वारल्या. आज जगभर रोज वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीचा पहिला प्रोग्रॅम एका तरुण स्त्रीचा होता, ही गोष्ट मी येथे बसलेल्या मुलींना आणि विशेषतः त्यांच्या वडिलांना आवर्जून सांगत आहे.

आता पुन्हा शिवणीकडे येऊ. जर्मनीतील माइन्झ विद्यापीठात कुर्ट बिंडर (२०२२ साली त्यांचे निधन झाले) आणि मार्कुस म्युलर यांच्या गटाने ३२ ठोकळ्यांच्या साखळ्या घेऊन दोन बहुवारिकांमधली शिवण तयार केली आणि १९९५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना काय दिसले? शिवणीपाशी साखळ्यांची टोके जास्त संख्येने जमतात. हे समजण्यासारखे आहे. टोक पुढे घातले तर थोड्यात निभावते. मधला भाग घातला तर दोन्हीकडून टोल भरावा लागतो. साखळ्या तिथे सीमेला समांतर पसरून चपट्या होतात. शिवणीच्या मध्यावर गर्दी किंचित विरळ होते, कारण परक्यांचा शेजार जितका टाळता येईल तितका बरा. सूत्राने यांतले बरेचसे अगोदर सुचवले होते. पण नकलेत प्रत्येक साखळी हाती धरून तपासता येते. न्यूट्रॉनला ते जमत नाही.

आणि तीन-पाचचा वाद? शिवण ही ताणलेल्या चादरीसारखी सपाट नसते. उष्णतेमुळे तिच्यावर सतत लाटा उठत असतात. सूत्राने सपाट शिवणीची जाडी सांगितली होती. न्यूट्रॉनच्या झोताने लाटांसकट सरासरी मोजली. १९९३ साली प्रयोग करणाऱ्यांनी हे स्पष्टीकरण मांडले. माइन्झच्या गटाने १९९९ साली नकलेत ते तपासले. पेटी लहान घेतली तर मोठ्या लाटांना जागाच उरत नाही, पेटी मोठी घेतली की सरासरी रुंदी हळूहळू वाढत जाते, आणि पेटीतले लहान लहान खांब स्वतंत्रपणे मोजले तर लाटा वगळून आतली मूळ शिवण वेगळी काढता येते. मूळ जाडी किती आणि लाटा किती, हे असे निराळे करून पाहणे प्रयोगात फार कठीण आहे. तेव्हा सूत्र चुकले नव्हते आणि प्रयोगही चुकला नव्हता. दोघे वेगवेगळ्या वस्तूला एकच नाव देत होते.

नकलेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दोन प्लॅस्टिकांत नावड किती, हे या ठोकळ्यांच्या नकलेला ठाऊक नसते. ते आपण बाहेरून सांगावे लागते, आणि चुकीचे सांगितले तर ती तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देते. शिवाय फासा म्हटला की चढउतार आलेच. उत्तरातली अनिश्चितता निम्मी करावयाची तर काम चौपट करावे लागते. संगणकाच्या पडद्यावर रंगीत चित्र दिसले म्हणजे ते सत्यच, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला मी परीक्षेत गुण देणार नाही.

या सगळ्याचा आपल्या भंगारवाल्याला उपयोग काय? शिवण अरुंद असेल तर उपाय सरळ आहे : टाका घाला. ज्याचे काही भाग एका प्लॅस्टिकचे आणि काही दुसऱ्याचे असा जोडधागा मिश्रणात थोडा घातला, तर तो सीमेवर जाऊन बसतो आणि त्याचे भाग आपापल्या बाजूला गुंततात. २०१७ साली कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन यांचे चार खंड आलटून पालटून जोडलेला धागा तयार केला, आणि अवघा एक टक्का घातल्यावर ठिसूळ मिश्रण चिवट झाले. मात्र असा धागा बनवणे महाग पडते. खंड किती लांब हवा, किती धागे पुरतील, हे प्रत्येक वेळी प्रयोगशाळेत बनवून पाहण्यापेक्षा आधी नकलेत पाहिलेले परवडते. तो धागा स्वस्त होईपर्यंत हातांनी निवडण्याचे काम चालूच राहणार, आणि ते काम करणाऱ्यांना आपण अडाणी समजू नये. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलिन यांतला फरक ते बोटांनी ओळखतात.

हे शिकण्यास परदेशीच जावे लागते असे नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा बहुवारिकांवर कित्येक वर्षे काम करीत आली आहे. त्याच पुण्यात सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला. अशा नकला करणारा लॅम्प्स नावाचा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो आणि लहान प्रश्नांसाठी साध्या लॅपटॉपवरही चालतो.

लॅपटॉप नसेल तर चौकड्यांची वही, दोन नाणी आणि एक फासा घ्या. वहीच्या मधोमध उभी रेघ मारा आणि तिच्यापासून तीन चौकोन अलीकडे टिंब द्या. दोन नाणी उडवून चार दिशांपैकी एक ठरवा आणि छत्तीस पावले टाका. रेघेपलीकडे पडणाऱ्या प्रत्येक पावलाला फासा टाका. एक पडला तर ती सगळी साखळी खोडून नव्याने सुरू करा. अशा वीस साखळ्या वाचल्या की त्या रेघेपलीकडे सर्वांत खोल कुठवर गेल्या ते मोजा. मग एक किंवा दोन पडले तरी खोडायचे, असा नियम करून पुन्हा मोजा. दोन्ही मोजण्यांचे आकडे एका कागदावर लिहून विज्ञानाच्या सरांकडे द्या. नववी-दहावीच्या मुलांनी गट करून केले तर एका रविवारी काम आटोपते.