माळाचे गवत आणि मातीची तिजोरी



मी शेतकीच्या कॉलेजात शिकलेला माणूस नव्हे. हयात कामगारांच्या पगाराची भांडणे भांडण्यात गेली. मातीचे शास्त्र वाचले ते उसनी पुस्तके आणून, रात्री जागून. तेव्हा आज बेंबळीकरांपुढे पगाराच्याच भाषेत बोलतो.

तिजोरीत पैसा आहे म्हणून कामगाराच्या हाती पगार पडतोच असे नाही. स्फुरदाचे असेच आहे. मातीत एकूण स्फुरद पुष्कळ असते. पण गवताच्या मुळाला मिळते ते पाण्यात विरघळलेले, अगदी थोडे. बाकीचे कोण अडवून धरते? बऱ्याच अंशी मातीचा पोत.

बालाघाटाच्या या पठारावर माती एकाच काळ्या दगडाची, पण खोलगटात ती चिकण आणि काळी, माळावर हलकी आणि मुरमाड. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या दोन हजारांशांहूनही बारीक. कण जितके बारीक, तितके त्यांचे अंग मोठे. त्या अंगाला स्फुरद चिकटते. त्यात चुनखडी असली की तेही त्याला जखडते. मात्र ही तिजोरी अगदीच कुलूपबंद नसते. मुळाने थोडे उचलले की ती थोडे सोडते. मुरमाची पकड सैल, पण भांडवलही तुटपुंजे. चटकन देते, चटकन संपते. म्हणून दोन्ही मातींना खताचे एकच माप लावणे चूक.

गायरानाचा आणखी एक फेरा आहे. तिथे नांगर नाही आणि स्फुरद फारसे खाली उतरत नाही. ते वरच्या चार बोटांत साठते. उघड्या माळावर वळीव कोसळला की आधी बारीक कण वाहतात आणि त्यांच्याबरोबर स्फुरदही. मागे राहतो खडा.

याचा भुर्दंड कोणाला? जनावराच्या अंगातले सुमारे 80 टक्के स्फुरद हाडादातांत असते. दक्षिण आफ्रिकेत निकृष्ट कुरणांवरच्या गाई मेलेल्या जनावरांची हाडे चघळत आणि त्यातून विषबाधा होऊन मरत. 1920 च्या सुमारास थायलर या पशुवैद्याने त्याचे मूळ दाखवले: गवतातच स्फुरद कमी. आपल्याकडे दोन उस्मानाबादी शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या भूमिहीन बाईला गायरानाखेरीज कुरण कुठले?

शेळी माळावर चरते, लेंडी मात्र दुसऱ्याच्या शेतात जाते. माळाने दिले ते माळाला परत मिळत नाही. याला आमच्या भाषेत मजुरी बुडवणे म्हणतात.

म्हणून माझ्या मागण्या चार. शेताची माती तपासायला नेतो, तशी गायरानाचीही न्या. काळी आणि मुरमाड वेगवेगळी. उतारावर समपातळी चर काढा. लेंडीखताचा काही वाटा माळावर परत टाका. आणि चराई पाळीपाळीने बंद ठेवा; पण एका वेळी एकच तुकडा, म्हणजे गरिबाची शेळी उपाशी राहणार नाही.

माळ संप करीत नाही, घोषणा देत नाही. तो नुसता उघडा पडत जातो. त्याच्या वतीने बोलायचे काम आपले आहे.