सुपे कोणते?



जुन्या नोंदीत ‘सुपे’ किंवा ‘सुपा’ आले की हात थबकतो. एक सुपे बारामती तालुक्यात, दुसरे पारनेरात, तिसरे उत्तर कन्नडात. हे तिसरे काळी नदीवरील सुपा धरणाच्या जलाशयाखाली गेले; १९८० च्या दशकात धरण पुरे झाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्या काळचे जोयडे शोधणाऱ्याने सुपेच शोधले पाहिजे.

‘ओपनरिफाइन’ ही विनामूल्य संगणकप्रणाली नोंदी पाखडून देते. (सुपाचे काम सुप्यासाठी!) ती आपल्याच संगणकावर चालते. नोंदी दूरच्या ‘क्लाऊड’मधील पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल कोठारात असतील, तर तेथील पत्ता, कोठाराचे नाव, वापरकर्ता व परवलीचा शब्द देऊन त्या मागवता येतात. बहुधा आपल्या संगणकाचा पत्ता तेथे आधी मान्य करून घ्यावा लागतो. त्या वापरकर्त्यास केवळ वाचण्याचाच अधिकार द्यावा.

स्वच्छ केलेल्या नोंदी मात्र आपोआप परत जात नाहीत. त्यांची वेगळी फाइल काढून ती कोठारात स्वहस्ते चालवावी लागते. ही अडचण मला उपकारकच वाटते. प्रणाली सारखी दिसणारी नावे एकत्र मांडते. जिल्हा कोणता, हे पुस्तक उघडूनच ठरते. एका फटक्यात सगळी सुपी ‘जोयडा’ केली, तर बारामतीचे पुस्तकही कर्नाटकात जाईल.

म्हणून मूळ नाव एका रकान्यात जसेच्या तसे राहू द्यावे आणि ‘जोयडा’ शेजारच्या रकान्यात लिहावे.