केबिनमध्ये बसतो कोण, पैसे मोजतो कोण

एखादी नवी एसयूव्ही बाजारात येणार असली, की ती घेऊ पाहणाऱ्यांच्या अपेक्षा आधीच कंपनीच्या दारात पोचलेल्या असतात. छताला सरकती काच हवी, सीटमधून गार वारा यावा, गाडी मागे घेताना चारही बाजू पडद्यावर दिसाव्यात. कंपनी हे सगळे मन लावून ऐकते, कारण स्टिअरिंगवर बसणारा आणि पैसे मोजणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. त्याच्या पाठीला सीट टोचली, तर तो दुसऱ्या कंपनीची गाडी घेईल. ट्रकचे तसे नाही. ट्रक घेतो मालक आणि चालवतो ड्रायव्हर. मालक विचारतो, माल किती बसेल, अ‍ॅव्हरेज किती देईल, टायर किती चालतील, पाच वर्षांनी विकायला काढला तर काय येईल. हे प्रश्न चुकीचे नाहीत, धंदा त्यांच्यावरच उभा असतो. पण पाठ, मान, घाम, झोप या गोष्टी त्या हिशेबात येत नाहीत, कारण त्या दुसऱ्याच्या अंगाच्या असतात. पंखा घरमालकाने बसवायचा आणि विजेचे बिल भाडेकरूने भरायचे असले, की पंखा स्वस्तातला येतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की नव्या ट्रकमध्ये ड्रायव्हरला काय हवे याची दखल बाजार आपणहून घेणार नाही. ते नियमात लिहावे लागेल. आणि लिहिताना गाडी चालते तेवढाच वेळ नव्हे, तर ती उभी असते तो वेळही धरावा लागेल.

याचा पुरावा आपल्याच रस्त्यांवर आहे. व्होल्वोने १९९८ मध्ये आपले मोठे ट्रक भारतात आणले, तेव्हा त्यांची केबिन वातानुकूलित होती. टाटांनी २००४ मध्ये दक्षिण कोरियातली देवूची ट्रक कंपनी विकत घेतली आणि २००९ मध्ये प्राइमा ही नव्या घडणीच्या ट्रकांची मालिका बाजारात आणली. २०१२ मध्ये भारतबेंझ आले. म्हणजे चांगली केबिन कशी असते हे इथल्या इंजिनिअरांना ठाऊक नव्हते, असे म्हणायला जागा नाही. ज्ञान होते, कारखाने होते, तरीही महामार्गावरच्या बहुसंख्य ट्रकांत उघडी खिडकी एवढीच सोय राहिली. कित्येक मालक तर कंपनीची केबिनच घेत नसत. कारखान्यातून नुसती चेसिस बाहेर पडायची, आणि तिच्यावर बॉडी बिल्डर लाकूड आणि पत्रा ठोकून केबिन उभी करायचा. त्या कारागिरांचे कसब मी कमी लेखत नाही. त्यांनी रंगवलेल्या ट्रकांनी या देशाच्या रस्त्यांना एक चेहरा दिला आहे. पण समोरून धडक बसली तर ती केबिन किती चेपेल आणि आतल्या माणसाचे पाय कुठे अडकतील, हे कुणी तपासून पाहिलेले नसायचे. पंचवीस वर्षे चांगली वस्तू बाजारात आहे आणि ती वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा दोष वस्तूचा नसतो. निवड करणाराच दुसरा असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेली अधिसूचना मला या दृष्टीने फार मोलाची वाटते. एन-२ आणि एन-३ गटातल्या, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांहून जास्त असलेल्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी असलाच पाहिजे, असे तिने ठरवले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना ती लागू झाली. हा निर्णय घेणारे मंत्री नितीन गडकरी नागपूरचे आहेत, आणि विदर्भातला मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला या नियमाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. सुरतेहून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर करत ओडिशातल्या पारादीपकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि आत त्याहून जास्त. सपाट तोंडाच्या ट्रकमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या अंगाला लागूनच, केबिनखाली असते. त्याची धग फरशीतून आणि इंजिनावरच्या झाकणातून वर येते. खिडकी उघडावी तर लू आणि धूळ आत येते, बंद करावी तर कोंडमारा होतो. अंगातले पाणी घामावाटे जात राहिले, की लक्ष ढळते आणि ब्रेकवर पाय पडायला उशीर होतो. पंचवीस-तीस टन वजन मागे असताना तो क्षणभराचा उशीर एकट्या ड्रायव्हरला भोवत नाही, समोरच्या मोटारसायकलवाल्यालाही भोवतो. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे मंत्रालयाचाच अहवाल सांगतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो किमतीचा. मोठा ट्रक तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. एसीने त्यात पडणारी भर हजारांतली आहे, आणि ती सगळ्याच कंपन्यांच्या सगळ्याच गाड्यांवर पडत असल्याने कुणा एकाचा धंदा बुडत नाही. दुसरा आक्षेप असा, की थंडाव्यात ड्रायव्हरला झोप लागेल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. काचा बंद करून आतलीच हवा फिरवत ठेवली, तर केबिनमधला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि डोके जड होते, हे खरे आहे. पण त्यावर उपाय बाहेरची हवा आत घेण्याचा आहे, ड्रायव्हरला उकडत ठेवण्याचा नाही. उन्हाने जागा राहणारा माणूस सावध नसतो, तो फक्त जागा असतो. त्याला झोप येते ती झोप न मिळाल्यामुळे, आणि त्या मुद्द्याकडे मी येतोच आहे.

तिसरा आक्षेप डिझेलचा आहे, आणि तो सगळ्यांत खोल जातो. केबिनचा एसी चालवायला साधारण दोन ते चार किलोवॅट शक्ती लागते, आणि दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनची ताकद दीडशे किलोवॅटच्या जवळ असते. म्हणजे खर्च वाढतो, पण मालकाची कंबर मोडेल इतका नाही. अडचण वेगळीच आहे. अनेक ठिकाणी फेरीचा खर्च ठोक ठरलेला असतो. अमुक गावापर्यंत डिझेलला इतके, टोलला इतके, खाण्याला इतके. त्यातून वाचेल ते ड्रायव्हरचे आणि जास्त लागले तर तेही त्याच्याच खिशातून. अशा व्यवहारात एसीचे बटण दाबणे म्हणजे घरी पाठवायच्या पैशांना हात लावणे होय. तो ते दाबणार नाही. घाम पुसत, गमछा ओला करून मानेवर टाकत तो अकोला पार करील, आणि मग कुणीतरी म्हणेल, बघा, ड्रायव्हरलाच एसी नको होता. यंत्र बसवणे हे नियमाचे अर्धे काम झाले. फेरीच्या हिशेबात एसीच्या डिझेलची वेगळी नोंद आली, तरच उरलेले अर्धे होईल.

आता सीटकडे वळतो. एसीची जेवढी चर्चा झाली तेवढी सीटची झाली नाही, याचे मला वाईट वाटते. रस्त्याचा धक्का टायरमधून चेसिसला, चेसिसमधून केबिनला आणि केबिनमधून माणसाच्या कण्याला बसतो. दिवसभर, वर्षानुवर्षे. युरोपने २००२ मध्ये कामगारांच्या अंगाला बसणाऱ्या कंपनांसाठी एक निर्देश काढला. आठ तासांच्या दिवसाला मोजमाप दर सेकंद वर्ग ०.५ मीटर ओलांडले, की मालकाने उपाय योजायचे, आणि १.१५ च्या पलीकडे जाऊच द्यायचे नाही. दुखणारी कंबर तिथे आकड्यात मोजता येते, म्हणून तिच्याबद्दल मालकाला जाब विचारता येतो. हवेच्या पिशवीवर तोललेली, ड्रायव्हरच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येणारी सीट, आणि चेसिसवर घट्ट न आवळता स्प्रिंगवर तरंगती ठेवलेली केबिन, या दोन गोष्टींनी तो धक्का पुष्कळ कमी होतो. दोन्ही आपल्याकडच्या महागड्या मॉडेलांत मिळतात. हलका क्लच, हाताला सोपे स्टिअरिंग, चढायला नीट पायऱ्या आणि धरायला दांडी, डाव्या अंगाला लागून येणारी दुचाकी दिसेल असा आरसा, हे सगळे याच माळेतले मणी आहेत.

पण मला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे ते झोपेबद्दल. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, लांबच्या मार्गांवर ती दहापर्यंत नेता येई, आणि पाच तास काम झाले की निदान अर्धा तास विश्रांती द्यायची होती. कायदा चांगला होता, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता, आणि आपल्याकडे ट्रकांचा मोठा हिस्सा एक-दोन गाड्या असलेल्या मालकांच्या हाती आहे. कायदा कागदावर राहिला, ड्रायव्हर रस्त्यावर. रस्तेसुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्ह लाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये बाराशेहून अधिक ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातून दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवली जाते असे दिसले, आणि थकवा किंवा पेंग असतानाही आपण चालवतो असे जवळपास निम्म्यांनी सांगितले. बारा तासांनंतर हा माणूस झोपतो कुठे? त्याच केबिनमध्ये, सीटमागच्या फळीवर, नाहीतर ताडपत्रीवर, नाहीतर ट्रकखाली सावली बघून. माल चोरीला जाईल म्हणून गाडी सोडून लांब जाता येत नाही. इंजिन बंद केले की एसीही बंद. चालू ठेवले तर तासाला लिटरभर तरी डिझेल जाते आणि धूरही होतो. म्हणजे जागेपणी गारवा आणि झोपेत भट्टी, असा आजच्या नियमाचा अर्थ होतो. इंजिन बंद असताना बॅटरीवर चालणारा छोटा कूलर, पाय लांब करता येतील एवढा बर्थ, काचांना जाळी आणि पडदे, या गोष्टी पुढच्या अधिसूचनेत आल्याच पाहिजेत.

हे काही नवे मागणे नाही. राष्ट्रीय परवान्याच्या मोठ्या ट्रकमध्ये दोन ड्रायव्हर असावेत, आणि चालकाच्या सीटमागे गाडीच्या पूर्ण रुंदीची, दुसऱ्याला अंग टाकता येईल अशी बैठक असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेले होते. पुढे दोन ड्रायव्हरांची अट सैल करण्यात आली. एक माणूस कमी झाला, की उरलेल्याची झोप दुप्पट महत्त्वाची होते. आता २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक मसुदा काढला. मोठ्या वाहनांत ड्रायव्हर पेंगतो आहे हे ओळखून इशारा देणारी यंत्रणा आणि आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे करावेत, असा. त्याला माझा विरोध नाही, जीव वाचत असतील तर ती यंत्रणा जरूर यावी. पण डोळा मिटला की ओरडणारे यंत्र आधी आणि डोळा नीट मिटता येईल असा बिछाना नंतर, हा क्रम मला पटत नाही.

कुणी म्हणेल, महामार्गावर विश्रामगृहे बांधा, केबिनला पलंग कशाला? विश्रामगृहे हवीतच. राष्ट्रीय महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी एक हजार इमारती उभारण्याची घोषणा पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आहे. युरोपच्या न्यायालयाने २०१७ मध्ये तर असे ठरवले, की आठवड्याची पंचेचाळीस तासांची नियमित विश्रांती ड्रायव्हरने केबिनमध्ये घ्यायचीच नाही. पण रोजची रात्र तिथेही बहुतेक वेळा केबिनमध्येच जाते, म्हणून तिथल्या केबिनला बिछाना असतो. आपल्याकडे तर कारखान्याच्या फाटकाबाहेर किंवा बंदराच्या रांगेत दिवस-दिवस थांबावे लागते. तिथे विश्रामगृह कुठून येणार?

राहता राहिला छोटा मालक. त्याला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांतले कितीतरी जण आधी स्वतः ड्रायव्हर होते, आणि आज हप्ता, विमा, टोल यांच्या ओझ्याखाली आहेत. हा भार भाड्यातून पुढे सरकला पाहिजे, म्हणजे सिमेंट, पोलाद आणि घरपोच माल पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तो उचलला पाहिजे. त्या आज वाहतुकीच्या करारात गाडी किती वर्षांची असावी, जीपीएस असावे, माल किती तासांत पोचावा, हे सगळे लिहून घेतात. त्याच करारात एसीचे डिझेल, बर्थची लांबी आणि दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीचे तास लिहून घ्यायला त्यांना आज कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.