वाडवडिलांची झाडी कशी राखावी



सोलापूर जिल्ह्यांत पाऊस थोडा, आणि घनदाट रान नाहीं. तथापि आपल्यापैकीं ज्यांची गांवाकडे जमीन आहे, त्यांच्या बांधावर आजोबांनीं लाविलेलीं चिंच, आंबा, लिंब हीं झाडें उभीं असतात. माझें सांगणें एवढेंच कीं, अशी झाडी कुऱ्हाडीनें जाते तशीच ती न केलेल्या नोंदीनेंही जाते.

आपल्याच राज्यांतील उदाहरण घ्या. ३० ऑगस्ट १९७५ रोजीं खाजगी वनें संपादन करण्याचा कायदा अमलांत आला व खाजगी रानें सरकारजमा झालीं. १९७८ च्या दुरुस्तीनें लहान मालकास सवलत मिळाली. ज्याची एकूण जमीन या संपादनामुळें १२ हेक्टरांहून कमी झाली, त्यास त्या मर्यादेपर्यंत रान परत मागतां येई. परंतु अर्जाची मुदत अवघी सहा महिन्यांची होती. ज्याचे कागद विस्कळीत, त्यास ती कशी पुरावी? पुढें मुंबई-ठाण्याकडील जमिनींच्या खटल्यांत ३० जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मालकास न बजावलेल्या जुन्या नोटिशीवरून जमीन सरकारची होत नाहीं. तोंवर एक पिढी सरली होती.

म्हणून आपण तीन गोष्टी कराव्या. पहिली, खातेदार निवर्तल्यावर तीन महिन्यांच्या आंत वारसांनीं गांवच्या महसूल दफ्तरीं खबर द्यावी आणि सात-बारा तपासून घ्यावा.

दुसरी, आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास विधवेस तृतीयांश मिळतो, व उरलेलें मुलगे आणि मुली यांस समसमान. बहिणीचें नांव गाळून केलेली वांटणी ही पुढील कज्जाचें बीज होय. यास्तव बापानें हयातींतच दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावें, व झाडीची व्यवस्था कोणी पाहावी तें स्पष्ट लिहावें.

तिसरी, चिंच, आंबा, चंदन हीं झाडें स्वतःचीं असलीं तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तोडूं नयेत. वठलेलें झाड काढल्यास त्याजागीं रोप लावावें, आणि दरसाल चिंचेच्या पैशांतून कांहीं अंश आळीं व कुंपण यांसाठीं राखावा.

ज्यांस उतारा वाचतां येत नाहीं, त्यांनीं तो घेऊन रविवारच्या मिस्सानंतर माझ्याकडे यावें. जाणत्या मंडळींस बसवून आपण तो वाचूं.

नाबोथानें वाडवडिलांचें वतन राजासही दिलें नाहीं. आपलें वतन आज भाऊबंदकी मागत आहे. तिला तें देऊं नका.