काळी माती कोणीं केली ?

(सोलापूर येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आपण जिला काळी आई म्हणतों तिचें कूळ कोणतें, हें आपणांस कोणीं कधीं सांगितलें आहे काय ? पुराणिकबुवांस विचारावें तर ते परशुरामाचा बाण काढतात; समुद्र मागें हटला आणि कोकण वर आलें म्हणतात. बरें, कोकणाचें झालें. पण आमच्या सोलापुराकडे कोणीं बाण मारला ? याचें उत्तर पोथींत नाहीं. तें तुमच्या विहिरींत आहे. ज्या वडार बांधवानें ती विहीर खोदली त्याला तें तोंडपाठ आहे. त्याला कोणी पंडित म्हणत नाहीं, एवढेंच.

विहीर खोदतांना काय काय लागलें तें आठवा. वर हात दोन हात काळी माती. तिच्या खालीं पांढुरक्या खड्यांची चुनखडी. मग मुरूम; त्यांत कुदळ चालते. ह्या मुरमांत डोक्याएवढे गोल गोटे सांपडतात. सुतकीचा टोला दिला म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखीं त्यांचीं सालें सुटतात आणि आंत घट्ट काळा गाभा राहतो. त्याखालीं फुटका खडक, आणि शेवटीं काळा पाषाण, जेथें सुरुंगावांचून काम भागत नाहीं. मंडळी, ह्या निरनिराळ्या वस्तु नव्हत. एकाच दगडाचीं हीं वयें आहेत. पाषाण तरणा, मुरूम उतारवयाचा, आणि दगड म्हातारा होऊन विरला कीं माती.

हा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, वितळलेला खडक दुधासारखा ऊतू आला, पसरला, निवाला. पुन्हां ऊतू आला. असे थरांवर थर बसून निम्म्याहून अधिक महाराष्ट्र झांकला गेला. कांहीं विहिरींत दोन खडकांच्या मध्यें विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो, त्याची गंमत ऐका. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत इतका काळ गेला कीं मधल्या मधें त्या दगडाची माती होऊं लागली. मग वरून तापलेला रस आला आणि कुंभाराच्या आव्यांत मडकें भाजावें तशी ती माती भाजून निघाली. माणूस नांवाचा प्राणी जन्मास येण्यापूर्वींच्या शेताची ती वीट होय.

आतां हा दगड फोडतो कोण ? १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली त्यांस ठाऊक आहे कीं दिवसभरांत हाताला फोड येतात, पण ढीग कांहीं वाढत नाहीं. निसर्गाला मात्र घाई नाहीं. वैशाखांत आमचा माळ तव्यासारखा तापतो, रात्रीं निवतो. दगड रोज थोडा फुगतो, थोडा आकसतो, आणि त्याला केंसासारख्या चिरा पडतात. त्या चिरांत पाणी शिरतें. खरा कारागीर तें पाणीच.

पावसाचा थेंब हवेंतून येतांना कर्बवायु घेऊन येतो. जमिनींत मुळें श्वास सोडतात तोहि त्यांत मिसळतो, आणि पाण्याला किंचित् आंबटपणा येतो. चिंचेनें तांब्या घासल्यावर काय होतें हें आमच्या मायबहिणींस सांगावयास नको. तसेंच हें आंबूस पाणी दगडांतला चुना, सोडा, मॅग्नेशिया हळूहळू सोडवून घेतें. दगडांत लोखंडहि आहे. लोहाराच्या अंगणांत पडलेल्या फाळासारखें तें गंजतें, गंजून फुगतें, आणि दगडाचे सांधे खिळखिळे होतात. मुरमाचा तांबूस-पिवळा रंग हा गंजाचा रंग. सुटलेला चुना खालीं उतरतो, पाणी आटलें म्हणजे खडे होऊन बसतो. तीच चुनखडी भाजून आपल्या बापजाद्यांनीं भिंती बांधल्या. मसाल्यांतलें दगडफूल तुम्ही पाहतां ना ? त्याचीं भावंडें उघड्या दगडावर चिकटून बसतात आणि आपल्या आंबट रसानें त्याला कुरतडतात. पिंपळाचें मूळ जुना तट फोडतें तें तर शहरांतहि दिसतें. आणि गांडूळ ! विलायतेंत डार्विनसाहेबानें गांडुळांवर एक सबंध ग्रंथ १८८१ सालीं छापला. तिकडच्या पुष्कळ भागांत वर्षाला एकरीं दहा टनांवर माती गांडुळांच्या पोटांतून वर येते, असा त्यानें हिशेब केला. ज्याला आपण पायाखालीं चिरडतों त्याची मजुरी ही एवढी.

हाच काळा दगड महाबळेश्वरास आहे. तेथें पाऊस इतका कीं चुना, मॅग्नेशिया, सिलिका सारें धुवून गेलें, लोखंड व ॲल्युमिनियम तेवढें राहिलें, आणि तांबडा जांभा झाला. आमच्याकडे वीस-बावीस इंच पाऊस. तो धुवून नेण्यास पुरत नाहीं. म्हणून तोच माल जाग्यावर राहून चिकण काळी माती बनली, जी पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. बाप एक, लेंकरें दोन रंगांचीं. जन्मावरून गुण ठरतो म्हणणारांनीं महाबळेश्वरची आणि मंगळवेढ्याची मूठमूठ माती शेजारीं ठेवून पाहावी. काळी आहे म्हणून तिच्यांत कुजकें खत भरपूर, असें मात्र समजूं नका. तें तिच्यांत थोडेंच असतें, आपणच घालावें लागतें.

मग सांगोल्याच्या माळावर वीतभर बरड आणि मंगळवेढ्याला पुरुषभर काळी, हें कसें ? दगड दोन्हीकडे एकच. माळावर जी माती झाली ती पाण्यानें खालीं नेली; भीमेनें आणि माणनदीनें तिचीं कोठारें भरलीं. आपल्या गांवींहि पाहा, काळीभोर जमीन कोणाच्या नांवें आहे आणि मुरमाड कोणाच्या. उंचावरचा गरीब पेरतो, आणि त्याच्या शेताची साय खालच्या धन्याच्या ताटांत उतरते.

आमचा मुलूख रब्बीचा. ज्वारी पेरावयाची पावसाळ्याच्या शेवटीं, म्हणून पावसाळाभर शेत उघडें. भाद्रपदांत ढग फुटला म्हणजे ओढा काळा होऊन धांवतो. तें पाणी नव्हे, शेत धांवतें आहे. एक इंच माती होण्यास कित्येक शतकें लागतात. एका एकरावरच्या एक इंच मातीचें वजन सुमारें १३० टन. अर्ध्या टनाची बैलगाडी धरली तर २६० गाड्या. सबंध देशांत दर हेक्टरीं वर्षाला सरासरी १६ टनांवर माती धुपते, असा अंदाज १९८३ सालीं निघाला. ह्या मापानें एक इंच जाण्यास वीस वर्षें. शेंकडों वर्षांची कमाई पोरगा कर्ता होईपर्यंत संपली ! आणि माती गेली कीं कुणब्याबरोबर सुतार, लोहार, कुंभार सारेच बसतात. खळेंच रितें तर बलुतें कोठलें?

महात्मा जोतीराव फुल्यांनीं हें १८८३ सालींच ओळखलें होतें. 'शेतकऱ्याचा असूड' लिहितांना त्यांनीं सरकारास सुचविलें कीं रिकाम्या शिपायांकडून व पोलिसांकडून ताली-बंधारे घालून घ्या, पाणी शेतांत मुरूं द्या. सरकारला जाग येण्यास पुढें पन्नास वर्षें लागलीं. येथें सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र १९३३ सालीं निघालें. बांधबंदिस्तीचा कायदा मुंबई इलाख्यांत १९४२ सालीं झाला.

ताल म्हणजे सर्वांवर एकच औषध, असेंहि नाहीं. मुरमाड व मध्यम जमिनींत समपातळीचा बांध चांगला टिकतो. खोल काळींत पाणी लवकर मुरत नाहीं. बांधाशीं डबकें होतें, पीक पिवळें पडतें, आणि भेगांतून पाणी शिरून बांधच वाहून जातो. तेथें बांधाला थोडा उतार आणि जास्तीच्या पाण्याला दगडी सांडवा पाहिजेच. कुळव, पेरणी सारें उताराला आडवें करा. पावसापूर्वीं शेतांत चौकोनी सारे पाडून ठेवा म्हणजे पाणी जागच्या जागीं जिरेल. हलक्या रानांत पावसाळ्यांत मटकी-हुलग्यांचें पांघरूण घाला. तलावांतला गाळ काढून रानांत टाकण्याची योजना २०१७ सालीं सरकारनें काढली. गाळ जरूर आणा, तो आपलाच आहे. पण इकडून गाळ आणावयाचा आणि तिकडून वरची वीतभर माती वीटभट्टीला विकावयाची, हा धंदा कोणत्या शहाण्यानें शिकविला ? भट्टीवाला रोख पैसे मोजतो खरा. त्या पैशानें खरेदी केलेली म्हैस दहा वर्षें जगते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवूं नका. पहिला दांडगा पाऊस झाला कीं ओढ्याचें पाणी तांब्याभर आणा, कांचेच्या बाटलींत भरून रात्रभर कोनाड्यांत ठेवा. सकाळीं तळाशीं काळा थर बसलेला दिसेल. मग पोराला बरोबर घ्या आणि ओढ्याच्या कडेनें वर चालत जा. कोणाच्या बांधाला खिंडार पडलें आहे तें पाहा, आणि तें आपलेंच निघालें तर त्याच दिवशीं बुजवा.