गारव्याचा हिशेब

१९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात गिरणी काढली. तेव्हापासून गिरणी आपल्या परिचयाची. सूतखात्यात हवा ओलसर ठेवतात ती सूत तुटू नये म्हणून, कामगारासाठी नव्हे. १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी कॅरिअरसाहेबांनी योजिलेले वातानुकूलनही कागदासाठीच होते! आज पेढ्यांत, दुकानांत गारवा माणसांसाठी आहे खरा; पण यंत्र आतली उष्णता बाहेर फेकते, खाल्लेल्या विजेचीही उष्णता तिच्यात मिळते, आणि ती झळ दारावरचा रखवालदार सोसतो. म्हणून विजेची बचत हा युनियनचाही प्रश्न आहे. पंख्याची गती निम्मी केली, तर त्याची वीज जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते. मोठ्या इमारतींत गरजेप्रमाणे वेग बदलणारे पंखे बसवितात ते याचसाठी. खोलीच्या नव्या यंत्रांवर आरंभीचा आकडा २४ अंश ठेवण्याचा सरकारी नियम २०२० साली आला. तो १८ वर कोण नेतो? परवा एका पेढीत गेलो, तर आत कारकून स्वेटरात आणि बाहेर रखवालदार घामाने निथळत होता.